कारणाचा रकाना

कारणकाकांना मी पहिल्यांदा नमस्कार केला तेव्हा त्यांनी रजिस्टरातून मान वर न काढता विचारलं, "कारण?"

मी गडबडलो. "आज माझा पहिला दिवस आहे," असं कसंबसं म्हणालो.

"मग ठीक आहे," म्हणून त्यांनी नमस्कार स्वीकारला. विनाकारण केलेला नमस्कार त्यांनी परत केला असता, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. त्यांचं खरं आडनाव पगाराच्या दिवशी एकदा कानावर पडे, एरवी सगळे त्यांना कारणकाकाच म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं. त्यांनी त्याबद्दल फक्त एकदा चौकशी केली होती, की हे नाव प्रथम कोणी ठेवलं आणि कधी.

नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या माडीवर आमची कंपनी होती. खाली दुपारी दोन ते चार डबे ठोकत, त्यामुळे आमच्या मीटिंगा आपोआप दोनच्या आत संपत. आम्ही रासायनिक कारखान्यांसाठी प्रोग्रॅम करायचो. कोणती टाकी आधी भरायची, कोणता वाल्व कधी बंद करायचा, पंप केव्हा सुरू करायचा, हे सगळं माणसाऐवजी कॉम्प्युटरने ठरवायचं. त्यासाठी प्रोग्रॅम लिहिण्याआधी त्याचं मॉडेल काढायचं. मॉडेल म्हणजे पडद्यावर काढलेले चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण. घर बांधण्याआधी नकाशा काढतात तसंच. फरक इतकाच, की घराचा नकाशा एक माणूस काढतो आणि आमचा पाच जण एकाच वेळी काढत होते. पाच जणांनी मिळून घराचा नकाशा काढला तर काय होईल, याची कल्पना कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीच्या सभासदाला असेल.

काका येण्यापूर्वी या पाच जणांचा कारभार फ्लॉप्यांवर चाले. फाइलीचं नाव आठ अक्षरांत बसवावं लागे, तेवढ्यात आमची सगळी प्रतिभा खर्च होई. 'फायनल' असे, 'फायनल-दोन' असे, 'न्यूफायनल' असे. त्यांतली सर्वांत जुनी फाइल 'लास्ट' या नावाची होती. कुठली खरी हे विचारलं की ज्याचा आवाज मोठा त्याची खरी ठरे.

आमचे साहेब आधुनिक होते. परदेशी मासिकं वाचत आणि वाचलेलं आम्हाला सोमवारी ऐकवत. पण काकांना त्यांनी आणलं ते आधुनिकतेपायी नव्हे. ठाण्यातला एक जुना इंजिनिअरिंग कारखाना बंद पडला, तेव्हा साहेबांनी तिथलं नकाशांचं मोठं लाकडी कपाट स्वस्तात उचललं. कपाटाची किल्ली काकांकडे होती. त्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी तीस वर्षं नकाशे सांभाळले होते, आणि नोंद केल्याशिवाय किल्ली द्यायला ते तयार नव्हते. नोंद करायला ते माडीवर आले आणि राहिले. कपाटाबरोबर काका फुकट मिळाले, असं साहेब पाहुण्यांना सांगत. काका ते ऐकून न ऐकल्यासारखं करत.

आल्या आठवड्यात त्यांनी भिंतीवर एक फळी ठोकली. तिला पाच खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एक पितळेचा बिल्ला. कारखान्याच्या टूल-रूममध्ये बिल्ला अडकवल्याशिवाय कामगाराला पाना मिळत नसे, तीच पद्धत उलटी करून त्यांनी आमच्यावर लादली. मॉडेलचे पाच भाग, म्हणून पाच बिल्ले. ज्या भागाचा बिल्ला तुमच्या टेबलावर, तो भाग तुम्ही बदलायचा. बाकीच्यांनी फक्त बघायचा. काम झालं की फ्लॉपी जमा, बिल्ला खिळ्याला, आणि रजिस्टरात नोंद. रकाने चार होते: काय नेलं, कोणी नेलं, कारण, जमा. नावं तेच घालत. तिशीच्या आतले सगळे पुरुष 'चि.' आणि आमच्यातली एकुलती एक मुलगी शोभना 'कु.'. आमचं रजिस्टर उघडलं की लग्नपत्रिका वाचल्यासारखं वाटे.

कारणाच्या रकान्यात मात्र आमची दमछाक व्हायची. आम्ही लिहायचो, 'बदल केला'. काका त्यावर बोट ठेवत. "बदल केला हे मला दिसतंय. काय बदललं तेही दिसतंय. का बदललं ते तू उद्या विसरणार आहेस, म्हणून ते लिही." 'सुधारणा' लिहिलं तर विचारत, "म्हणजे आधी बिघडवलं कोणी?" एकदा आमच्यातल्या पाटीलने वैतागून लिहिलं, 'असंच'. काकांनी त्याला समोर खुर्चीत बसवलं आणि त्या 'असंच'च्या मुळाशी जायला पाऊण तास घेतला. शेवटी निघालं असं, की दुसऱ्याच्या चौकोनापेक्षा आपला चौकोन लहान दिसतो हे त्याला सहन झालं नव्हतं. काकांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.

हाच पाटील टिटवाळ्याला राहायचा. एकदा तापाने घरी बसला आणि तिसऱ्या खिळ्याचा बिल्ला त्याच्या पँटच्या खिशात राहिला. साहेब म्हणाले, नवीन बिल्ला करून घ्या. काका म्हणाले, "मग एका भागाचे दोन मालक होतील. आमच्या गावच्या जमिनीचं तेच झालंय." ते दुपारी टिटवाळ्याला गेले. पाटीलने नंतर आम्हाला सांगितलं, "अरे, मी गोधडीत पडलेलो. आई म्हणते, ऑफिसातून कोणीतरी बघायला आलेत. मला वाटलं, काय माणूस आहे रे, एवढ्या लांब आला. त्याने कपाळाला हात लावला, ताप बघितला, आणि पिशवीतून रजिस्टर काढलं ना. गोधडीतून हात बाहेर काढून सही घेतली माझी. वर चहा पण प्यायला." कारणाच्या रकान्यात 'ताप' अशी नोंद आहे. पुढे कंसात 'खरा'.

काकांकडे एक रबरी शिक्काही होता, त्यांनी खास बनवून घेतलेला: 'रद्द. जपून ठेवा.' साहेबांना हा शिक्का वेडेपणाचा वाटे. रद्द तर जपायचं कशाला? काका म्हणत, "माणूस परत फिरायचं म्हणाला तर रस्ता तिथे असायला नको का?" दर शनिवारी ते मॉडेलचे पाचही भाग नकाशे काढणाऱ्या प्लॉटर यंत्राने ट्रेसिंग पेपरवर काढून घेत, आधीच्या शनिवारच्या कागदावर शिक्का मारत आणि कपाटात ठेवत. कॉम्प्युटरवर त्यांचा राग नव्हता. "तो विसरत नाही हे खरं," ते म्हणत, "पण त्याला विसरायला सांगितलं तर लगेच ऐकतो."

त्यांचा खरा सोहळा असायचा तो दोघांना एकाच भागात काम करायची वेळ आली की. अशा वेळी काका नाइलाजाने 'फाटा' मंजूर करत. दोघांनी दोन प्रतींवर काम करायचं, पण आठ दिवसांत परत यायचं. "फाटा मुख्य रस्त्याला लागलाच पाहिजे. नाहीतर तिकडे वेगळं गाव वसतं आणि ते आपल्याला ओळख दाखवत नाही." आठव्या दिवशी दोन्ही प्रती ट्रेसिंगवर काढायच्या आणि पश्चिमेच्या खिडकीच्या काचेवर एकावर एक चिकटवायच्या. जे जुळे ते एकच रेघ होऊन दिसे. जे जुळत नसे ते दुहेरी दिसे. मग काका खिशातून शिंगाच्या मुठीचं भिंग काढत आणि एकेका दुहेरी रेघेवर थांबत. एकाचं म्हणणं निळ्या पेन्सिलीने, दुसऱ्याचं लाल. मुला-मुलीच्या बैठकीला मध्यस्थ बसावा तसे ते मध्ये बसत. दोघांनी एकेक बाण सोडला की तिसरा आपण सुचवत. भांडण वाढलं तर डबे ठोकण्याची वेळ होईपर्यंत थांबत, म्हणजे कोणाचंच कोणाला ऐकू येत नसे आणि दोघेही निमूट सह्या करत.

आम्ही त्यांची टिंगल करायचो. सगळ्यांत जास्त मी. त्यांची नक्कल मला फार चांगली जमायची, आणि ते ऐकतायत हे मला बहुतेक वेळा ठाऊक असे.

आता जे सांगायचं ते मला टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं मोठं काम आमच्याकडे होतं. साहेबांनी बोलता बोलता सांगितलं होतं, की मॉडेलमधला ज्याचा भाग सर्वांत आधी पूर्ण दिसेल त्याला पुढच्या कामाचं प्रमुख करीन. मला प्रमुख व्हायचं होतं. एका शुक्रवारी संध्याकाळी मी अख्ख्या मॉडेलची गुपचूप प्रत काढली. बिल्ला नाही, नोंद नाही, काही नाही. डोंबिवलीत माझा एक मित्र कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा, त्याच्याकडे रविवारभर बसून मी माझ्या भागात चांगले पाच नवे बाण घातले. सोमवारी काका पावणेनऊला येतात म्हणून मी साडेआठला आलो आणि माझी फ्लॉपी कॉम्प्युटरवर ओतली. पाचही भागांसकट. मधल्या शनिवारी शोभनाने रीतसर बिल्ला घेऊन तिच्या भागात एक चौकोन घातला होता, याचा मला पत्ताच नव्हता. माझ्या शुक्रवारने तिचा शनिवार पुसून टाकला.

तो चौकोन असा होता: टाकीच्या तळाचा वाल्व बंद झाल्याची खात्री पटेपर्यंत पंप सुरू करू नये.

गुरुवारी कारखान्यात चाचणी होती. सुदैवाने पाण्यावर. साहेबांनी बटण दाबलं, पंप सुरू झाला, तळाचा वाल्व सताड उघडा. तिथले मॅनेजर बघायला पुढे उभे होते. पाणी आधी त्यांच्या बुटांत गेलं आणि मग सगळीकडे. त्यांनी ओले मोजे काढता काढता साहेबांना एकच प्रश्न विचारला, "उद्या इथे ॲसिड असेल तेव्हाही असंच करणार का?"

साहेब परत आले ते शोभनाच्या टेबलासमोरच येऊन थांबले. तिची सहा महिन्यांची उमेदवारी त्या आठवड्यात संपत होती. तिच्या वडिलांची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती आणि कल्याणच्या त्या घरात तिचाच पगार यायचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ती म्हणाली, "सर, मी चौकोन घातला होता. शनिवारी. रजिस्टरात आहे." काकांनी शनिवारचं ट्रेसिंग आणून दाखवलं. त्यावर चौकोन होता. साहेब म्हणाले, "कागदावर काढला आणि कॉम्प्युटरवर ठेवायला विसरलात. कायम केल्याचं पत्र मिळणार नाही. उद्यापासून येऊ नका." शोभनाने ड्रॉवर उघडून डबा पिशवीत भरला आणि मग तसाच परत ठेवला, कारण संध्याकाळचे पाच व्हायचे होते.

मी माझ्या खुर्चीत बसून पडद्याकडे बघत होतो. तोवर मला सगळं कळून चुकलं होतं.

तीनच्या सुमाराला काकांनी मला खिडकीपाशी बोलावलं. काचेवर दोन ट्रेसिंग एकावर एक होती, शनिवारचं आणि आताचं. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "बघ."

शोभनाचा चौकोन फिकट होता, म्हणजे फक्त शनिवारच्या कागदावर होता. आणि माझ्या भागात पाच बाण फक्त आताच्या कागदावर होते. माझ्या प्रत्येक बाणाला टोकाशी एक नसती वेलांटी असते. साहेबांना ती आवडते असा माझा समज होता.

खाली डबे ठोकणं चालू होतं. काकांनी कानाशी येऊन सांगितलं, "रजिस्टर उघडं आहे. पाचपर्यंत मी इथेच आहे." आणि ते जाऊन बसले.

मी साडेचारला गेलो. जाताना माझी योजना तयार होती. "काका," मी म्हणालो, "शुक्रवारच्या पानावर खाली थोडी जागा आहे. तिथे माझी एक ओळ घालू. मी रीतसर नेलं होतं असं होईल. मग चूक कोणाचीच नाही, फक्त गोंधळ झाला."

"शुक्रवारचं पान शुक्रवारी संपलं," काका म्हणाले. "खोडायचं नाही, मागे घुसायचं नाही. खाली नवी ओळ लिही."

मी लिहिलं. काय नेलं: सगळं. कोणी नेलं: माझं नाव, मोहन, आणि आयुष्यात प्रथमच स्वतःच्या हाताने 'चि.'. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'घाई'.

त्यांनी बोट ठेवलं. "घाई ही तुझी सवय आहे. कारण लिही."

मला रडू यायला लागलं होतं आणि त्याचा मला भयंकर राग आला होता. मी 'घाई'च्या पुढे लिहिलं: 'साहेबांच्या डोळ्यांत भरावं म्हणून.' काकांनी ते वाचलं, तारीख घातली, आणि रजिस्टर उचलून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. पाचला दहा मिनिटं होती.

शोभनाला पत्र मिळालं. मला साहेबांनी वीस मिनिटं फैलावर घेतलं आणि प्रमुखपद दुसऱ्याला दिलं. पण कामावरून काढलं नाही, कारण माझा कबुलीचा बाणा त्यांना म्हणे आधुनिक वाटला. काढलं ते काकांना, महिन्याची नोटीस देऊन. "जी पद्धत एका फ्लॉपीने फसते ती कसली पद्धत?" असं साहेबांनी सोमवारी सगळ्यांसमोर विचारलं. माझी ओळच त्यांनी पुरावा म्हणून वाचून दाखवली. ज्या रजिस्टरामुळे चोर सापडला तेच रजिस्टर कुचकामी ठरलं, आणि चोर तिसऱ्या रांगेत बसून ते ऐकत होता.

पुढच्या महिन्यात बदलांच्या नोंदी ठेवणारं परदेशी सॉफ्टवेअर आलं. ते शिकवायला घोडबंदर रोडवरच्या हॉटेलात तीन दिवसांचं शिबिर झालं. टाय लावलेल्या एका गृहस्थांनी आम्हाला समजावलं, की एका वेळी एका भागाला एकच जण हात लावतो, जुनं काहीही पुसलं जात नाही, फाटे लवकर परत आणावेत, आणि प्रत्येक बदलाबरोबर त्याचं कारण लिहावं. साहेब पहिल्या रांगेत मान डोलवत होते. शेवटी त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. काकांना शिबिराला बोलावलं नव्हतं. त्यांना कॉम्प्युटर येत नाही, हे कारण होतं.

नव्या व्यवस्थेत कारणासाठी पडद्यावर एक चौकट उघडायची. पहिल्या महिन्यात आमच्या प्रमुखाने तिच्यात एकशेचार वेळा टिंब टाइप केलं. पाटील एक भाग कुलूपबंद करून चुलतबहिणीच्या लग्नाला चिपळूणला गेला आणि बारा दिवस सगळे हात चोळत बसले. तिथपर्यंत जाऊन त्याच्या हातातून अक्षता काढून सही घेणारा आता कोणी नव्हता.

त्याआधी, काकांच्या शेवटच्या दिवशी, मी त्यांच्या टेबलापाशी गेलो होतो. ते पाच बिल्ले पुसत होते. मी म्हणालो, "काका, माझ्यामुळे झालं हे. मी लिहिलं नसतं तर तुम्ही राहिला असता."

"आणि शोभना गेली असती," ते म्हणाले. "एक जण जायचाच होता. तो साठीतला गेला तर बिघडलं कुठे?" मग खिशातून ते शिंगाच्या मुठीचं भिंग काढून त्यांनी माझ्या हातात ठेवलं. मी विचारलं, "हे मला कशाला?" ते म्हणाले, "नोंद केली आहे." मला वाटलं, आठवण म्हणून दिलं. जाताना फळीवरचा एकही खिळा त्यांनी काढला नाही.

नंतर मी दोन कंपन्या बदलल्या. माझ्या हाताखाली माणसं आली. 'बदल केला' असं लिहिणाऱ्यांना मी समोर खुर्चीत बसवतो, आणि ते माझी नक्कल करतात हे मला ऐकू येतं. काकांकडे मात्र जाणं झालं नाही. जाईन जाईन म्हणत सहा-सात वर्षं गेली आणि एक दिवस पाटीलचा फोन आला.

ते डोंबिवली पश्चिमेला कोपरमध्ये राहायचे. तेराव्यानंतर मी गेलो तेव्हा काकू एकट्याच होत्या. मी भिंग रुमालात गुंडाळून नेलं होतं. म्हटलं, काकांची वस्तू आहे, घरात असू दे.

काकूंनी ते ओळखलं. उठल्या आणि कपाटातून एक रजिस्टर घेऊन आल्या. "घरचं आहे हे," त्या म्हणाल्या. "शिडी, पुरणयंत्र, छत्र्या. बिल्डिंगमधले सगळे इथे सही करून नेतात. मला आधी लाज वाटायची हो." त्यांनी चष्मा लावून मागची पानं चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. अगदी काकांसारखं.

काय नेलं: भिंग. कोणी नेलं: चि. मोहन. कारण: त्याला अजून बारीक दिसत नाही.

चौथा रकाना कोरा होता. मी ती ओळ पुन्हा वाचली. डोळे भरून आल्यामुळे दुसऱ्या वेळी तीही नीट दिसेना.

काकूंनी पेन उघडलं आणि जमाच्या रकान्यावर धरून विचारलं, "दिसायला लागलं का?"

मी म्हणालो, "नाही काकू. अजून नाही."

"मग राहू दे तुमच्याकडेच," असं म्हणून त्यांनी पेन बंद केलं आणि चहा टाकायला आत गेल्या.